वीतभर कमी

१

कपाटात मोजणीच्या नऊ वह्या सापडल्या. हवी होती ती दहावी, आणि नेमकी तीच नव्हती.

दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी कपाट तिसऱ्यांदा रिकामं केलं, खालच्या कप्प्यातली झुरळं हाकलली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गेली म्हणजे गेली! मी काय पोटात घातली?"

"तुमच्यावर कोण आळ घेतंय, बाई?" कासवराव म्हणाले. "बसा जरा. धाप लागलीय तुम्हाला."

कासवराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वरच्या कार्यालयातून चौकशीला येणारा हा अधिकारी प्रत्येक कागद दोनदा वाचायचा आणि प्रत्येक जिना थांबत थांबत चढायचा. कुणीतरी गमतीने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांच्या कानावर ते आलं होतंच, पण रागावून करता काय? गुडघा खरंच दुखायचा.

मृद आणि जलसंधारणाचं ते लहानसं सरकारी कार्यालय. उतारावर ज्याची जमीन, त्याने इथे अर्ज करायचा. मग कार्यालयाने माणूस पाठवून चढउतार मोजायचे, बांध कुठे घालायचा, तळं कुठे खोदायचं ते आखून द्यायचं, खर्चातही हातभार लावायचा. माती वाहून जाऊ नये, पाणी जिरावं, एवढीच साधी गोष्ट. पण अकरा दिवसांपूर्वी असंच एक तळं भर दुपारच्या पावसात फुटलं. तळं थोरल्या भावाच्या जमिनीत होतं आणि उताराखालची जमीन धाकट्याची. धाकटा गोठ्यातली गुरं सोडायला धावला. गुरं वाचली. तो दुसऱ्या दिवशी सापडला, ओढ्याच्या वळणावर, चिखलात.

"मी स्वतः जाऊन मोजलं," कार्यालयाचे साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता. "सांडवा नकाशाप्रमाणे आहे. भिंत मात्र वीतभर कमी. भिंतीची उंची दाखवणाऱ्या खुंट्या त्या मोजणीवाल्या मुलीने ठोकल्या, दुसऱ्या कुणी नाही."

सांडवा म्हणजे तळ्याचं जादा पाणी निघून जायची वाट. तो भिंतीच्या माथ्यापेक्षा दोन विती खाली हवा. मग कितीही पाऊस पडो, पाणी वाटेने जातं आणि भिंतीवर चढत नाही. इथे दोनाची एकच वीत उरली होती. मातीच्या भिंतीवरून पाणी एकदा वाहू लागलं की ती तासभरसुद्धा टिकत नाही.

अहवाल उद्या संध्याकाळी द्यायचा होता. त्यात मोजणीवालीची चूक ठरली, तर तिची नोकरी जाणार होतीच, वर निष्काळजीपणाने माणूस मारल्याचा खटला.

ती दाराशी उभी होती. सव्वीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं, मुठीत रुमालाचा बोळा. ती म्हणाली, "माझे आकडे बरोबर होते, साहेब. वहीत आहेत. वही मिळाली तर मी सुटते, आणि म्हणूनच कुणीतरी ती नेलीय."

२

"पहिल्यापासून सांग," कासवराव म्हणाले. "घाई करू नकोस. मला तशीही ती जमत नाही."

"थोरल्यांचा अर्ज मंजूर झाला. मी आणि पट्टीवाले काका गेलो. आधारखूण त्यांच्या घराच्या पायरीवर घेतली. छिन्नीने फुली कोरली, भोवती लाल रंगाचा गोल काढला."

आधारखूण हा मोजणीवाल्यांचा देव. जागेवरची प्रत्येक उंची तिथून मोजायची. एक जण दूर तिपाईवर दुर्बीण लावून बघतो आणि दुसरा खुणेवर आकड्यांची लांब पट्टी उभी धरतो.

"पायरीवर का? स्वतंत्र दगड का नाही पुरला?"

ती साहेबांच्या खोलीकडे बघत राहिली. "दगड पुरण्यात दिवस जातो. साहेब म्हणतात, पायरी काय पळून जाते का?"

कासवरावांनी स्वतः उभ्या हयातीत अशा शंभर पायऱ्यांवर फुल्या कोरल्या होत्या.

"थोरल्यांच्या आईंना बजावून आले होते," ती पुढे म्हणाली. "म्हटलं, आजी, ही खूण जिवापाड जपा, सगळं काम हिच्यावर आहे. त्यांनी चहा दिला. पायरी इतकी बुटकी की बसल्यावर माझे गुडघे हनुवटीला टेकले. काय हसल्या आजी! आणि आता त्यांचा मुलगा…" तिने रुमाल डोळ्यांना लावला.

कासवराव तिचं रडं ओसरेपर्यंत थांबले. मग विचारलं, "वहीत आणखी काय होतं?"

"पहिल्या पानावर पायरीचं चित्र, मापासकट. मग भिंतीचे आकडे. सांडव्याचे तीन आठवड्यांनी लिहिले, भिंत उभी राहिल्यावर."

पट्टीवाल्या काकांनी तीस वर्षं पट्टीच धरली होती. ते तसेच ताठ उभे राहून बोलायचे. "दोन्ही खेपांना पट्टी मी ठेवली. गोलाच्या बरोबर मधोमध. ती दुर्बिणीपाशी, मी पायरीपाशी. पोरीचा हात चुकत नाही, साहेब. मी भल्याभल्यांना चुकताना पाहिलंय, ही त्यातली नव्हे."

मग कासवराव साहेबांच्या खोलीत गेले. "काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही तुमची. जागेवर गेला होतात?"

साहेबांनी चष्मा खाली ठेवला. "त्या आठवड्यात सोळा कामं होती हो."

"म्हणजे नाही."

"नाही."

वही गायब करायला माणूस शोधायचा तर हा चांगला होता. पण दाखला फाइलमध्ये जसाच्या तसा होता. स्वतःच्या गळ्याचा फास तिथेच ठेवून शेजारची वही कोण पळवेल?

जाता जाता दप्तरवाल्या बाईंनी त्यांना अडवलं. त्यांना काहीतरी ओकायचंच होतं. "तुम्हाला एक सांगू? भाऊ जाऊन दोन दिवस झाले नव्हते, तर हा थोरला इथे हजर! तळ्याच्या दुरुस्तीला मदत मिळते का, अर्ज द्या म्हणाला. मी आत कोरा अर्ज शोधायला गेले, येऊन बघते तर माणूस नाही. अर्ज घ्यायलाही थांबला नाही. जनाची नाही तर मनाची तरी वाटली असेल."

"तेव्हा कपाट उघडं होतं?"

"दिवसभर उघडंच असतं. वह्या कोण नेणार? रद्दीवालासुद्धा नाक मुरडतो." त्यांनी आवाज खाली आणला. "दोघा भावांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. वर पाणी अडवलंस तर माझी विहीर आटेल, असं धाकट्याचं म्हणणं. लोक उघड बोलतात, भिंत फुटली नाही, फोडली."

३

सकाळी कासवराव, साहेब आणि काका उतारावर पोहोचले तेव्हा ऊन पडलं होतं आणि सगळं कसं निर्लज्जपणे स्वच्छ दिसत होतं. तळं रिकामं होतं. भिंतीचा मधला भाग गेला होता आणि दोन्ही टोकं तेवढी उभी होती. खाली धाकट्याचं शेत होतं तिथे आता उघडा मुरूम आणि गोटे. कित्येक पिढ्यांनी जपलेली माती एका दुपारी ओढ्याला गेली होती. गोठ्याचा एक खांब शिल्लक होता. त्यापलीकडे धाकट्याचं घर, दार लावलेलं. आत त्याची बायको आहे आणि ती कुणाशी बोलत नाही, असं काकांनी सांगितलं.

साहेबांनी दुर्बीण लावली. काकांनी पट्टी आधी पायरीवरच्या लाल गोलात ठेवली, मग सांडव्यात, मग भिंतीच्या डाव्या टोकावर, मग उजव्या.

"सांडवा बरोबर," साहेब म्हणाले. "डावं टोक वीतभर कमी. उजवंही वीतभर कमी. मी काय वेगळं सांगत होतो?"

कासवरावांना रात्रभर एकच आशा होती: भिंत खचली असेल. नवी माती दबते, खाली बसते. तसं असेल तर पोरगी सुटली. ते टोकापाशी जाऊन उभे राहिले. तिथे भिंत जमिनीला मिळत होती, उंची जेमतेम गुडघ्याएवढी. त्यांनी हाताने माती दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. खचणारी भिंत मधे जास्त खचते, टोकांना कमी. गुडघ्याएवढी भिंत वीतभर खचायची तर तिचं अर्धं अंग जायला हवं. म्हणजे ती खचली नव्हती. म्हणजे ती मुळात तेवढीच आखली होती.

करायला गेले एक आणि झालं भलतंच! पोरीला वाचवायला आलेल्या माणसाने तिच्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने पक्का केला.

ते लंगडत थोरल्याच्या घरापाशी आले आणि पायरीवर बसले. ओटीवर थोरल्याची आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. थोरला पाण्याचा तांब्या घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, पण अकरा दिवसांत सत्तरीचा दिसत होता. त्याने एक पेला कासवरावांना दिला, दुसरा आईपुढे धरला. तिने मान फिरवली. थोड्या वेळाने सुनेने तोच पेला दिला, तेव्हा तिने घोट घेतला.

"मावशी," कासवराव हलकेच म्हणाले, "त्या दिवसाबद्दल काही…"

"मला विचारू नका," म्हातारी भिंतीशीच बोलली. "आईला विचारू नये असं काही असतं, ते मला विचारू नका."

कासवराव उठले, चार पावलं चालले आणि थांबले. ते किती सहज उठले होते! गेल्या सहा वर्षांत खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय, दोनदा कण्हल्याशिवाय ते उठले नव्हते. त्यांनी मागे वळून पायरीकडे पाहिलं. मोजणीवालीचे गुडघे हनुवटीला टेकले होते ना, याच पायरीवर?

४

"साहेबांना म्हणावं तुम्ही पुढे व्हा," त्यांनी काकांना सांगितलं. "आणि काका, मला एक सांगा. दुसऱ्या खेपेला तुम्ही काय पाहिलंत? खूण की पायरी?"

"खूण," काका म्हणाले. "पट्टीवाला खूणच बघतो. लाल गोल दिसला, ठेवली पट्टी." मग त्यांचे डोळे पायरीवर गेले आणि ते वाकून फरशीची कड चाचपू लागले. "अरे देवा."

कासवरावांनी थोरल्याला घरामागे नेलं. तिथे चाऱ्याच्या गंजीआड कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"पायरी कधी उंच केलीत?"

थोरला गंजीतली काडी मोडू लागला.

"बरं, मीच सांगतो. भिंत उभी राहिली आणि सांडवा आखायचा होता, त्या मधल्या तीन आठवड्यांत. अंगणातलं पाणी घरात येत असेल. जुन्या फरशीवर विटांचा थर, त्यावर नवी फरशी. बाजूने पाहिलं की तिन्ही थर दिसतात. मी वीत लावून पाहिली, बरोबर एक वीत भरते. भिंत कमी नाही. पायरी वर आलीय, आणि तिच्यावरून आखलेला सांडवाही वीतभर वर आला. आम्ही शहाणे पुन्हा त्याच पायरीवरून मोजतो, मग सांडवा बरोबर दिसणार आणि भिंत कमी!"

"पायरी मी उंच केली," थोरला म्हणाला. "लिहा. माझी चूक."

"पायरी उंच करणं हा गुन्हा नाही. खूण झाकली गेली असती तर पोरीने नवी घेतली असती. पण नव्या फरशीवर खूण होती. तिला छिन्नीची फुली नाही, नुसता रंग आहे. तो आमचा रंगही नाही, तुमच्या दाराचा आहे. आणि गोल कसा, वाटी ठेवून काढल्यासारखा! आमची माणसं घाईत वाकडातिकडा गोल काढतात. हा कुणीतरी बसून, जीव लावून काढलाय. ज्याला कुणी सांगितलं होतं की ही खूण जप, सगळं काम हिच्यावर आहे."

थोरल्याने गंजीला हात टेकला.

"वही तुम्ही नेलीत. अर्ज मागितलात, बाई आत गेल्या, तुम्ही वही उचललीत. अर्ज तिथेच राहिला, कारण तो तुम्हाला नकोच होता. मी विचार करत होतो, ती वही कुणाला नको असेल? साहेबांनी नेली असती तर दाखलाही नेला असता. काकांना आणि पोरीला तर ती हवीच होती. आणि तुम्हाला? लोक तुम्हाला खुनी म्हणतात. त्या वहीत पायरीचं जुनं माप आहे, ती दाखवलीत तर तुम्हीही सुटता. स्वतःच्या सुटकेचा कागद चोरणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. मग ओटीवर कोण बसलंय ते आठवलं."

"साहेब तळं मोजून गेले आणि वीतभर, वीतभर म्हणत होते," थोरला कसाबसा बोलला. "मी घरी आलो, पायरीवर पाय ठेवला आणि माझ्या लक्षात आलं. नवी फरशी वाळली त्या दिवशी आई दिवसभर तिथे बसली होती. गडीमाणसाला हात लावू देईना. म्हणाली, त्या पोरीला शब्द दिलाय." त्याने तोंड झाकून घेतलं. "तिनेच काढलेल्या खुणेने तिचा पोरगा गेला, हे मी तिला कसं सांगू? मला खुनी म्हणू देत लोकांना. मी सोसेन."

"खूण मीच काढली, असं म्हणू शकला असतात."

"लोकांना. आईला कसं? कुणी काढली ते तिला ठाऊक आहे. एकदा खुणेचं नाव निघालं की तिला सगळं कळणार."

"आणि त्या पोरीचं काय? तीही कुणाची तरी लेक आहे. ती तुरुंगात गेली तर ते कोण सोसणार?"

थोरल्याने गंजीत खांद्यापर्यंत हात घातला आणि गुंडाळलेली वही बाहेर काढली. पण ती सोडेना. "आईला कळता कामा नये," तो म्हणाला. "तेवढं वचन द्या."

"नाही देता येत," कासवराव म्हणाले. त्यांना स्वतःचाच राग आला होता. "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो."

५

सांगितलं शेवटी कासवरावांनीच. थोरला ओटीच्या खांबाला धरून उभा राहिला.

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घाईने बोलून टाकलं. पायरी, फरशी, रंग, सांडवा. वही उघडून म्हातारीला चित्र दाखवलं. आणि मग आपण काय लिहिणार तेही सांगितलं: दुसऱ्याच्या घराची पायरी आधाराला धरायची, ती पुन्हा तपासायची नाही आणि जागेवर न जाता दाखला द्यायचा, ही कार्यालयाची चूक. "तुम्ही दिलेला शब्द पाळलात, मावशी. आम्ही आमचं काम केलं नाही. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. माझं सुदैव की माझ्या पायऱ्या हलल्या नाहीत."

म्हातारीने चित्रावरून बोट फिरवलं. ती रडली नाही. हळूहळू तिने मान वळवली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा थोरल्याकडे पाहिलं.

"म्हणजे भिंत तू फोडली नाहीस?"

थोरल्याला प्रश्नच कळला नाही. "मी? आई, मी कशी फोडेन?"

"दोन वर्षं अबोला होता तुमचा. त्या दुपारी पावसात तू बाहेर होतास. आलास तो चिखलाने माखून, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतास. सगळं गाव म्हणत होतं आणि तू एकदाही नाही म्हणाला नाहीस."

"मी पाणी वळवायला गेलो होतो, आई. सांडव्यापाशी. एकट्याच्या हाताने जमलं नाही."

"मग बोलला का नाहीस?" तिचा आवाज एकदम चढला, घरातली सून धावत बाहेर आली. "अरे मुडद्या, मला सांभाळत होतास? माझ्या हातून चूक झाली, ती मी सोसली असती. छाती बडवून घेतली असती आणि सोसली असती. तुझ्या हातून तो गेला, हे सोसत होते मी! एक पोरगा गेला आणि दुसऱ्याने मारला, हे घेऊन अकरा दिवस या भिंतीकडे बघत बसले होते!"

थोरला खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. म्हातारीने त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, मग तोच हात तिथे ठेवला आणि तीही रडली. कासवराव वहीची पानं उलटत राहिले. एकही आकडा त्यांना दिसत नव्हता.

थोड्या वेळाने म्हातारीने डोळे पुसले. "साहेब, त्या पोरीला घरी निरोप द्या. आजच्या आज. तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नसेल." मग ती काठी घेऊन उठली. "आता खाली जाते. धाकटीला माझ्या तोंडून कळू दे, कागदावरून नको."

"मी येतो," थोरला म्हणाला.

"तू थांब. ती काय बोलेल ते आधी मला एकटीला ऐकू दे."

ती मुरमावरून, गोट्यांतून वाट काढत उतरली. दोघं वरून बघत राहिले. तिने धाकट्याच्या घराची कडी वाजवली. बराच वेळ काही झालं नाही. मग दार उघडलं आणि धाकटी सून उंबऱ्यात आली. म्हातारी बोलत होती, हात पायरीएवढा खाली नेऊन, मग वीतभर वर करून दाखवत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. धाकटीने मधेच दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. म्हातारी बोलायची थांबली नाही.

"जाऊ का मी?" थोरल्याने विचारलं.

"बोलावतील तेव्हा जा," कासवराव म्हणाले.

खाली धाकटी घरात गेली. दार तिने उघडंच ठेवलं होतं. म्हातारी दाराबाहेर उभी राहिली, आत जावं की नाही हे न कळून.